घराला कागद नाही

माझ्या धाकट्या बहिणीला फार्मसीला प्रवेश मिळाला त्या आठवड्यात मी बाबांशी एक खोटं बोलले. एकच वाक्य होतं, तेही बँकेतल्या खुर्चीवर बसून, घाईघाईत. त्याने आमच्या घरात जे झालं ते अजून निस्तरलेलं नाही. लिहून काही निस्तरेल असंही मला वाटत नाही. पण कुणाला तरी ते जसं घडलं तसं सांगायला हवं, आणि घरात आता ऐकण्यासारखं कुणी उरलेलं नाही.

आम्ही नवी मुंबईतल्या करावे गावातले. बाबांची छोटी होडी होती. खाडीतून कोलंबी, बोईट, चिंबोऱ्या आणायचे, नशीब असलं तर एखादा जिताडा. आय ती मासळी सीवूड्सच्या टॉवरांखाली फुटपाथवर बसून विकायची. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. गावात लोक बाबांना म्हणायचे, "पोरींवर कशाला पैसा घालतोस? उद्या परक्याच्या घरी जानार." असं कुणी म्हटलं की बाबा जास्तच हट्टाला पेटायचे. ते स्वतः सातवी नापास. टॉवरमधून खाली उतरून आयशी भाव करणाऱ्या बायका, त्यांचे गळ्यात कार्ड घातलेले नवरे, हे सगळं बाबांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. त्यांच्यात आणि आपल्यात फरक फक्त एका कागदाचा आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. "तो डिग्रीचा कागद घरात आला ना, मग बघ," असं म्हणायचे.

मी अभ्यासात साधारण होते. हुशार होती ती बहीण. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. सातवी-आठवीत असताना ती आजूबाजूच्या बायकांच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन बसायची. मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायची. "ताई, हिची प्रेशरची गोळी आणि तिची प्रेशरची गोळी वेगळी का?" असं मला विचारायची. मला माहीत नसायचं. मग ती मोबाइलवर शोधायची आणि दुसऱ्या दिवशी मलाच समजावून सांगायची.

बारावीनंतर माझे सीईटीचे मार्क असे आले की सरकारी फेऱ्यांमधून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागणं शक्य नव्हतं. वाशीला एक माणूस प्रवेश मिळवून देतो म्हणून बाबांना कुणीतरी सांगितलं. एसी ऑफिस, काचेचं टेबल, थंड पाण्याच्या बाटल्या. तो म्हणाला, "मॅनेजमेंट कोट्यातून करून टाकू. पुढे सगळं कॉम्प्युटरच आहे."

बाबांनी एकच विचारलं, "नोकरी लागल ना?"

"काका, शंभर टक्के."

त्या कोट्यातल्या मुलांना फीची सवलत मिळत नाही, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं मी वाचलं होतं. घरी येताना बाबांना सांगितलंही, पण असं सांगितलं की जणू ती छोटीशी गोष्ट आहे. मला इंजिनिअर व्हायचं होतं असंही नाही. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी जात होत्या आणि मला मागे राहायचं नव्हतं. एवढंच.

बाबांनी होडी शेजारच्या दिवाळे गावातल्या एका माणसाला विकली. खाडीत तसंही काही राहिलं नव्हतं, जाळ्यात मासळीपेक्षा प्लॅस्टिक जास्त यायचं. पण होडी गेल्यावर बाबा दोन-तीन दिवस सकाळी उठून धक्क्यावर जाऊन बसत, एवढं मला आठवतं. उरलेल्या फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं. कर्जदार मी, सहकर्जदार बाबा. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सह्या केल्या. मग ते एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. तिसऱ्या वर्षी आयचं सोनं गेलं. ती म्हणाली, "गल्यात वजन लागतं गो, बरं झालं." गळ्यात मग काळी पोत राहिली.

शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या आल्या. एका कंपनीने मला घेतलं. पत्र आलं त्या दिवशी बाबांनी गेटवर सगळ्यांना पेढे वाटले. रुजू होण्याची तारीख एकदा पुढे गेली, मग दुसऱ्यांदा गेली, आणि मग एक दिवस चार ओळींचा ई-मेल आला की भरती रद्द झाली आहे. मी घरी सांगितलं, "तारीख अजून पुढे गेली." चौदा महिने मी घरी होते. त्या काळात हप्ते सुरू झाले. पहिले दोन-तीन मी शिकवण्या घेऊन भरले, पुढचे भरले गेले नाहीत. बँकेचा फोन आला की मी गच्चीवर जायचे. बाबांच्या नंबरच्या जागी फॉर्मवर मी माझाच दुसरा नंबर लिहिला होता, त्यामुळे त्यांना काही कळत नव्हतं. ते अधूनमधून विचारायचे, "बँकेचा कसा चाललंय?"

"चाललंय बाबा."

शेवटी नोकरी लागली ती वाशीत, एका खासगी संस्थेच्या प्रवेश विभागात. काम फोन करण्याचं. बारावीचा निकाल लागला की मुलांच्या घरी फोन करायचे आणि आमच्याकडे प्रवेश घ्या म्हणून पटवायचं. काय बोलायचं ते छापून दिलेलं असतं. कर्ज कसं मिळतं, हप्ते नोकरी लागल्यावरच कसे सुरू होतात, तेही त्यात असतं. मी ते चांगलं बोलते. पगारातून हप्ता जेमतेम निघायला लागला आणि मला वाटलं, आता सुटले.

त्याच वर्षी बहिणीचा निकाल लागला. तिला सीईटीला इतके चांगले मार्क पडले की दुसऱ्याच फेरीत फार्मसी कॉलेज मिळालं. घरून रोज जाऊन-येऊन करता येईल असं. जातीच्या दाखल्यावर अर्धी फी माफ होत होती. उरलेल्या अर्ध्या फीची सोय करायची होती, आणि प्रवेश पक्का करायला थोडेच दिवस होते. मुंबईच्या एका ट्रस्टला मी फोन केला, त्यांची अर्जाची मुदत संपून गेली होती. बाबा मात्र निवांत होते. "तुजी बारी जाली, आता हिची. बँकेत जाऊ." बँक म्हणजे त्यांना पाण्याचा नळ वाटत होता. एकदा सोडला, दुसऱ्यांदाही सोडता येईल.

मला धोका ठाऊक नव्हता असं नाही. पण मी म्हटलं, आता तर हप्ते चालू आहेत, कदाचित चालून जाईल.

आम्ही तिघं गेलो. बाबांनी रजा घेतली होती आणि ठेवणीतला शर्ट घातला होता. टेबलापलीकडे एक तरुण ऑफिसर होता, दक्षिणेकडचा असावा. त्याचं हिंदी बाबांच्या हिंदीइतकंच मोडकं. त्याने बहिणीची मार्कशीट पाहिली आणि हसून "व्हेरी गुड" म्हणाला. मग बाबांचं पॅनकार्ड घेऊन कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप केलं. स्क्रीनकडे बघता बघता त्याचं हसू गेलं. त्याने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात इंग्रजीत बोलायला लागला. मला वाटतं तो चांगुलपणानेच तसं बोलला, म्हाताऱ्या माणसासमोर शोभा नको म्हणून. त्याने सांगितलं की आधीच्या कर्जाचे हप्ते बरेच महिने थकले होते. सहकर्जदार तुमचे वडील असल्यामुळे त्यांचाही रेकॉर्ड खराब झाला आहे. आता हप्ते चालू असले तरी ते पुसलं जायला वर्षं जातील. अर्ज मी पुढे पाठवू शकतो, पण तो परत येणार. आय अ‍ॅम सॉरी.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय बोलतंय तो? देतान का नाय?"

माझ्या शिक्षणासाठी होडी गेली होती, सोनं गेलं होतं. त्या शिक्षणाचा त्या क्षणी एकच उपयोग होता, त्या टेबलाशी बाबांना न कळणारं इंग्रजी मला कळत होतं. मी म्हटलं, "बाबा, घराला कागद नाय ना आपल्या. कागद असता तर दिला असता, बोलतो."

हे पटण्यासारखं होतं. गावठाणातलं आमचं घर आजोबांच्या काळातलं, त्याच्यावर विनापरवाना चढवलेल्या खोल्या, कुणाच्याच नावावर धड काही नाही. बाबांनी मान हलवली. बहीण माझ्या डाव्या बाजूला बसली होती. तिला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं. तिने मार्कशीट उचलली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट सरकवली आणि उभी राहिली. 

घरी आल्यावर मी तिला गच्चीवर गाठलं. ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"तू ऐकलंस ना?" मी विचारलं.

"हो."

"मी सांगते बाबांना खरं."

"सांगून काय होईल? फी भरली जाईल?" तिने एक चादर घडी करून माझ्या हातात दिली. "नको सांगूस. त्यांना तुझ्या डिग्रीचं खूप आहे."

मला राग हवा होता तिचा. तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा मात्र गप्प बसणारे नव्हते. घराला कागद नाही म्हणून पोरीचं शिक्षण अडलं, तर कागद करू, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी मोठ्या काकांची सही हवी. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. घराच्या पुढच्या भागात ते राहायचे, मागच्या भागात आम्ही, मधली पडवी दोघांची. संध्याकाळी दोघे भाऊ तिथेच चहा प्यायचे. होडी विकल्यापासून नारळी पौर्णिमेला बाबा काकांच्याच होडीत बसून नारळ सोडायला जायचे.

बाबा त्यांना म्हणाले, "दादा, घराचा कागद करून घेऊ. धाकटीचा शिक्षान अडलाय."

काका म्हणाले, "मोठीला शिकवलीस, कोनता दिवा लागला? फोन करते वाशीला बसून. आता घर पन बँकेच्या घशात घालतोस?"

मी आत भाकऱ्या थापत होते. सगळं ऐकू येत होतं. त्या एका वाक्यावरून दोघे आजोबांच्या काळापर्यंत मागे गेले. कुणी कुणाचं खाल्लं, कुणी आईला शेवटी पाणी दिलं, कुणी नाही दिलं. बाबा म्हणाले, "तुना पोरा नाय शिकवता आली, म्हनून माझ्या पोरी तुझ्या डोल्यात खुपतान." काकांचे दोन्ही मुलगे दहावीपुढे गेले नव्हते. काकी बाहेर आली आणि म्हणाली, "आज बोललास ते बोललास, परत या दारात येऊ नको."

मी तेव्हा बाहेर जाऊन बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी तव्यावरची भाकरी उलटली.

आठवड्याभरात पडवीत मधोमध पत्रा उभा राहिला. आम्ही मागच्या गल्लीने ये-जा करू लागलो. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला बाबांनी ड्युटी बदलून घेतली आणि दिवसभर गेटवर उभे राहिले. बहिणीची फार्मसीची जागा तोपर्यंत गेली होती. ती स्टेशनाजवळच्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर लागली. गिऱ्हाइकं तिला मॅडम म्हणतात. डॉक्टरांची अक्षरं तिला मालकापेक्षा लवकर लागतात.

मी तिला पुन्हा एकदा म्हटलं, बाबांना सांगून टाकते, निदान काकांशी तरी बोलायला लागतील. ती म्हणाली, "ताई, मग ते तुझ्याशी बोलायचे बंद होतील. आता निदान काकांशीच बोलत नाहीत." आणि मी तिचं ऐकलं, कारण ते मला सोयीचं होतं.

दोन वर्षं अशीच गेली. मग एकदा बाबा तापाने आठवडाभर पडून होते. काकीने त्या पत्र्यावरून हात घालून आयच्या हातात चिंबोरीच्या रश्श्याचा डबा दिला. बाबांना चिंबोरी फार आवडते. आयने डबा उघडला, वासावरूनच त्यांनी ओळखलं. म्हणाले, "परत दे. ज्यान माझ्या पोरीचा वाटोला केला त्याच्या घरचा मना नको." आय डबा घेऊन तशीच उभी राहिली. रविवारची दुपार होती, मी घरीच होते. मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्या खाटेजवळ खाली बसले आणि सांगितलं. हप्ते थकल्याचं, फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरचं, रद्द झालेल्या नोकरीचं, सगळं.

ते कोपरावर रेलून अर्धवट उठले. मग म्हणाले, "तो बँकेतला पोरगा काय काय बोललेला? बराबर सांग. एकेक शब्द."

मी त्याचं प्रत्येक वाक्य मराठीत सांगितलं. दोन वर्षांनी. त्याने शेवटी माफी मागितली होती, तेही सांगितलं.

"हिला म्हाईत होता?" त्यांनी बहिणीबद्दल विचारलं.

"हो. तिनं तिथंच ऐकलेलं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीकडेच बघत म्हणाले, "मग दादाला मी काय काय बोललो."

ते माझ्यावर ओरडले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बरं वाटल्यावर ते गल्लीतून वळसा घालून काकांच्या दारात गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. आयने नंतर सांगितलं की काकांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाले, आणि आत गेले. पत्रा तसाच आहे. बाबा माझ्याशी बोलतात, पण विचारायचं म्हणून विचारतात. जेवलीस का. आली का. कामाला चालली का. डिग्रीचं सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं होतं. तेही त्यांनी काढलेलं नाही. काढलं असतं तर मला निदान कळलं असतं काहीतरी.

पुढच्या वर्षी सरकारने मुलींची फी माफ केली. इंजिनिअरिंग, फार्मसी, सगळ्याची, आमच्यासारख्या घरांतल्या मुलींना पूर्ण. मला ते ऑफिसात कळलं, कारण आम्हाला फोनवर बोलायचा मजकूर बदलून मिळाला. मी त्याच दिवशी बहिणीच्या दुकानात गेले. ती गिऱ्हाइकाला सिरपची बाटली देत होती. ऐकून तिने फक्त विचारलं, "म्हणजे सीईटी परत द्यायची?" जुने मार्क चालणार नव्हते.

तिने अभ्यास केला. दुकानात काउंटरखाली पुस्तक ठेवून, मधल्या रिकाम्या वेळात. परीक्षेला मी तिच्यासोबत ऐरोलीपर्यंत गेले आणि बाहेर झाडाखाली थांबले. तिच्या आजूबाजूला सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं होती, कुणाची आई पाण्याची बाटली पुढे करतेय, कुणाचे वडील स्कूटर लावताहेत. ती बाहेर आली तेव्हा शांत होती. म्हणाली, "पेपर अवघड नव्हता गं. प्रश्न सगळे ओळखीचे वाटत होते. पण पुढे काय करायचं ते आठवायचंच नाही. एवढं करायचे मी, ते गेलं कुठे?"

वडापाव खाऊन आम्ही बसने परत आलो. ती थेट दुकानात उतरली.

तरीही शेवटच्या फेरीत तिला एक जागा मिळाली. कॉलेज फार लांब, रात्रभराच्या प्रवासाइतकं. फी नाही, पण तिथे राहायचं, खायचं आपलं आपण. तेवढ्यात बाबांच्या एजन्सीने गेटवर तरुण माणसं हवीत म्हणून त्यांना कमी केलं होतं. आयच्या गुडघ्यांनी तिचं फुटपाथवर बसणंही बंद केलं होतं. माझा पगार अजून हप्त्यातच जातो. घरातला तांदूळ, गॅस, लाइटबिल, बाबांच्या गोळ्या, हे सगळं बहिणीच्या दुकानातल्या पगारावर चालतं. तिने हे मोजून दाखवलं नाही. फक्त म्हणाली, "बघू."

जागा पक्की करायचा शेवटचा दिवस आला. मी ऑफिसात होते. प्रवेशाच्या वेबसाइटवरचं तिच्या नावाचं पान मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवलं होतं, तिचा पासवर्ड माझ्याकडेच असतो. चारच्या सुमारास मी तिला फोन केला.

"काय करू? पाचपर्यंत आहे."

"ताई, गिऱ्हाईक आहे. ठेव."

"अगं, हो की नाही ते तर सांग."

मागे कुणीतरी तिला इन्सुलिन आहे का विचारत होतं. "आहे, देते," ती त्याला म्हणाली, आणि फोन बंद झाला.

जागा पक्की करायचं बटण मला दाबता आलं असतं. तिने नाही म्हटलेलं नव्हतं. मी दाबलं असतं तर ती कदाचित गेलीही असती, रडत, चिडत, पण गेली असती. मी त्या पानाकडे बघत बसले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही गेली तर पुढच्या महिन्यापासून घर मला चालवावं लागेल. तिचा विचार त्याच्यानंतर आला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पाच वाजता बटण करडं झालं. काचेपलीकडून साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, माझे कॉल कमी पडले होते. मी हेडफोन लावला. यादीतला पुढचा नंबर पनवेलचा होता, मुलीचं नाव, बारावीचे टक्के, वडिलांचा मोबाइल. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "ते कामावर गेलेत, मी आई बोलतेय. बोला ना."

मी बोलायला लागले.